लुड ह्राबचाकची पिवळी खुर्ची

लुड ह्राबचाक मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याच्या हातात फावडं होतं, अंगात बायकोचा गुलाबी गाऊन होता आणि दोन पायांत दोन वेगळे बूट होते. उंची पावणेसात फुटांच्या खाली नव्हती. पुढे कितीतरी वर्षं हा माणूस मला पाच फूट सहा इंचांचाच दिसत आला, पण त्या सकाळी तो पावणेसातच होता, यावर मी आजही शपथ घ्यायला तयार आहे. त्याच्या तोंडातून निघणारी वाफ पाहून मला वाटलं, हॅलर्टनचा पोलाद कारखाना नदीकाठाहून उठून आमच्या गल्लीत आला.

माझा गुन्हा असा होता. जानेवारीतला बर्फ गुडघाभर साचला होता, गल्लीत गाडी लावायला एकच साफ केलेली जागा होती आणि तिच्या मधोमध स्वयंपाकघरातली एक पिवळी खुर्ची ठेवलेली होती. मी देश सोडून हॅलर्टन गावात येऊन चार दिवस झाले होते. मी सरळ मनाने खुर्ची उचलली, कडेला ठेवली आणि गाडी लावली. चावी काढेपर्यंत सतरा घरांची दारं उघडली. समोरच्या म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली. एका कुत्र्याने भुंकायचं मध्येच थांबवलं.

"खुर्ची कोणी हलवली?" लुडने विचारलं.

"मी."

"तू हलवलीस. आणि अजून दोन पायांवर उभा आहेस." तो गल्लीकडे वळून म्हणाला, "ऐकलंत का, हा उभा आहे!"

मग त्याने मला सांगितलं ते असं. ज्याने बर्फ उपसला त्याची जागा. तो कामावर जाताना खुर्ची ठेवून जातो. खुर्ची असेपर्यंत त्या जागेला देवसुद्धा गाडी लावत नाही. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण पोलीसही खुर्ची पाहून गाडी पुढे नेतात. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, त्याचीच ही बहीण. फक्त रुमालावरून भांडणं होतात, खुर्चीवरून होत नाहीत. मी गाडी काढली, खुर्ची होती तिथे ठेवली, आणि मला फाशी द्यायची तेवढी बाकी ठेवून लुड मला घरात घेऊन गेला. त्याच्या बायकोने, व्हेराने, लोण्यात परतलेल्या कोबी-शेवयांची परात पुढ्यात ठेवली. टेबलाभोवती पाच पिवळ्या खुर्च्या होत्या.

"लग्नातला सेट आहे," व्हेरा म्हणाली. "सहा खुर्च्यांचा. पाच घरात संसार करतात, सहावी रस्त्यावर असते. अगदी ह्याच्यासारखी."

मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहतो, एवढ्या भांडवलावर लुडने मला त्याच दिवशी 'डॉक' केलं. तेव्हापासून मी डॉक.

लुड कारखान्यात भट्टीवर होता आणि युनियनच्या बोलणी करणाऱ्या कमिटीवर होता. भट्टीने त्याच्या भुवया नेल्या आणि कमिटीने त्याची अक्कल नेली, असं व्हेरा म्हणायची. एकोणसाठच्या संपात ते एकशे सोळा दिवस बसून राहिले होते, आणि शेवटी कंपनी बोलायला आली होती. त्या एकशे सोळा दिवसांवर लुड उरलेलं आयुष्य जगला. तो कशाचीही किंमत ठरवून घ्यायचा: केस कापायची, टायरची, चर्चच्या जेवणाच्या तिकिटाची. सासू वारली तेव्हा शवपेटीवाल्याशी त्याने दोन तास बोलणी केली आणि पितळी कड्या फुकटात मिळवल्या. त्याची पद्धत ठरलेली होती. आपला आकडा सांगायचा, टोपी घालायची आणि दुकानाबाहेर पडून चालू लागायचं. "बारा पावलं, डॉक. हळू नाही, जोरात नाही. अकराव्या पावलाला मागून हाक येते. ज्याने आधी हाक मारली तो हरला."

आणि खरंच हाक यायची. मी स्वतः ऐकली आहे. हॅलर्टनमधले दुकानदार त्याला ओळखून होते. तो निघाला की ते मनातल्या मनात अकरापर्यंत मोजायचे आणि हाक मारायचे. सगळ्यांचाच त्यात जीव रमायचा.

पंच्याऐंशीत कारखाना बंद झाला. लुडला तिथे कामाला लागून एकतीस वर्षं झाली होती. तो म्हणाला, "एकशे सोळा दिवस बसलो तेव्हा कंपनी आली की नाही दाराशी?"

"आली होती," व्हेरा म्हणाली. "आता दाराला कुलूप लावून गेली. बस आता किती बसायचं ते."

त्यांना मूल नव्हतं. डेनी हा लुडच्या बहिणीचा मुलगा. बहीण वारली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. बाप त्याआधीच कुठेतरी निघून गेला होता. डेनी या घरात आला आणि वाढायला लागला तो थांबेचना. बाराव्या वर्षी तो दारातून तिरका होऊन आत यायचा. पंधराव्या वर्षी व्हेराने त्याच्यासाठी बटाटे पोत्याने आणायला सुरुवात केली. स्वभावाने मात्र हा पोरगा इतका गरीब की गल्लीतल्या मांजरांनी त्याच्या पायांवर झोपायचं वेळापत्रक केलं होतं. बोलणं फारसं नाही. मामाने काही सांगितलं की "बरं, मामा," इतकंच.

आमच्या भागात असा पोरगा वाढला की त्याचं एकच होतं. तो शाळेच्या फुटबॉल टीममध्ये गार्ड झाला; चेंडू हातात घेऊन पळतात तो इथला फुटबॉल. गार्डला चेंडू कधी हाताळायला मिळत नाही. समोरून येणाऱ्या तीनशे पौंडांच्या माणसाला छातीने अडवायचं आणि मागच्याला पळायला वाट करून द्यायची, एवढंच त्याचं काम. डेनीला ते छान जमायचं. तो माणसाला पाडायचा आणि मग हात देऊन उठवायचा. कॉलेजने त्याला फुकट शिकवलं. आणि अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये, व्यावसायिक टीमा आळीपाळीने नव्या पोरांची निवड करतात तेव्हा, पाचव्या फेरीत एकशे एकतिसाव्या नंबरवर डेनिस ओराव्हेक हे नाव पुकारलं गेलं.

निवडणारी टीम दक्षिणेतली होती. तिचं नाव सांगत नाही, कारण तिची काही चूक नव्हती.

गावात तीन वर्षांत कोणाला नोकरी लागली नव्हती. आगीच्या बंबवाल्यांच्या फायर हॉलमध्ये अशी मेजवानी झाली की लग्नातही होत नाही. बिस्किटांचं टेबल भिंतीपासून भिंतीपर्यंत होतं. व्हेराने एकटीने अक्रोड भरलेल्या सातशे गोड गुंडाळ्या भाजल्या होत्या. तीन पाद्री आले आणि तिघांनी आशीर्वाद दिले, त्यातल्या दोघांचं आपसांत बोलणं नव्हतं. डेनी कोपऱ्यात उभा राहून लाजत होता. एवढा मोठा माणूस लाजला की कोपरा पुरत नाही.

त्याच आठवड्यात सूट घातलेले दोन एजंट येऊन गेले. टीमशी बोलणी करून देतो, शंभरातले पाच आम्हाला द्या, असं म्हणाले. लुडने त्यांना पिवळ्या खुर्च्यांवर बसवलं, कॉफी पाजली आणि विचारलं, "तुमच्यापैकी एकशे सोळा दिवस कोण बसलंय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मग भाच्यासाठी मीच बोलतो."

तेव्हा भाच्यासाठी बोलायला मामाला परवाना लागत नसे.

टीमच्या वतीने बोलणारे गृहस्थ हॉयट क्लेबर्न. ते फोनवर इतके मऊ बोलायचे की लुड दर वाक्याला "काय? काय?" करायचा. तीन वर्षांचा करार, ठरलेला पगार, आणि सही करताच पस्तीस हजार डॉलर रोख. त्या पस्तीस हजारांचं महत्त्व लुडने मला समजावून सांगितलं. पगार टीममध्ये राहिला तर मिळतो. उद्या काढून टाकलं की बंद. सहीचे पैसे तेवढे आपले. डेनीच्या लेखी ते पैसे म्हणजे एक घर होतं, डोंगरावरच्या बाजूला, अंगणासकट. त्याने ते बघूनही ठेवलं होतं.

"घ्यावेत की," मी म्हणालो.

लुडने वर्तमानपत्र उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. डेनीनंतर सहा नंबरांनी निवडलेल्या पोराला दुसऱ्या टीमने पन्नास दिले होते. "एकशे सदतिसाव्याला पन्नास. एकशे एकतिसाव्याला पस्तीस. डॉक, तुझ्या दुकानात मोठी बाटली लहान बाटलीपेक्षा स्वस्त असते का?"

असते कधी कधी. पण मी गप्प बसलो. आणि माझ्याच दुकानाच्या टंकलेखन यंत्रावर त्याचं पत्र टाइप करून दिलं: पन्नास हजार, एक सेंट कमी नाही. हे मी लपवत नाही.

जुलैच्या मध्यावर टीमचं शिबिर सुरू झालं. सगळी नवी पोरं सही करून गेली. डेनी हॅलर्टनमध्ये राहिला. म्हणजे अडून बसला. पहिल्या फेरीतले बडे पोरगे अडून बसतात, त्यांच्यासाठी टीमचा मालक विमान पाठवतो. पाचव्या फेरीतला गार्ड अडून बसला आहे, हे टीमला कळायलाच चार दिवस लागले असावेत.

शरीर सैल पडू नये म्हणून लुडने शाळेच्या मैदानावर स्वतःची बुइक नेली. तो आत स्टिअरिंगशी बसायचा, काचा वर, आणि डेनी उन्हात मागून गाडी ढकलायचा. गावातली माणसं कठड्यावर बसून बघायची.

"लुड, ब्रेक तरी सोड!" न्हावी ओरडायचा.

"ब्रेक लावलाय म्हणूनच तर ताकद वाढते!"

"पन्नास हजार मागतोय म्हणे!" भट्टीवरचा एक जुना सोबती म्हणायचा. " मला कारखान्याने निघताना घड्याळ दिलं. तेही मागे पडतं."

"तू मागितलंस का पन्नास? नाही ना? मग घड्याळच मिळणार."

आणि कठड्यावरचा एक जण, ज्याने तीन वर्षं कसलंच काम केलं नव्हतं, दर दिवशी उठताना म्हणायचा, "डेन्या, सोडू नकोस रे. एक पैसा सोडू नकोस." डेनी घाम पुसत मान हलवायचा. मला वाटतं, तो नाही म्हणायला लाजत होता.

एका संध्याकाळी अंगणाच्या पायरीवर डेनी मामाशेजारी येऊन बसला. पायरी कुरकुरली.

"मामा, मी सही करू का?"

"का?"

"माझ्या जागी कोणीतरी उभं राहत असेल ना रोज. मैदानावर. रिकामी ठेवत नाहीत."

लुडने टोपी काढली. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "जागा तुझी आहे, डेन्या. तू कमावलीस. एप्रिलमध्ये सगळ्या देशासमोर त्यांनी तुझं नाव घेतलं. त्यावर दुसरा कसा उभा राहील? माणसं आहेत ती."

"बरं, मामा."

दुसऱ्या दिवशी सकाळी लुडने केलं ते सांगितलं तर कोणाला खोटं वाटेल. हॅलर्टनमध्ये मात्र कोणाला वाटलं नाही. त्याने गराजमधून पिवळी खुर्ची काढली, पुसली, तारेने तिला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, आणि बावीस डॉलर खर्चून ती टीमच्या शिबिराला पाठवून दिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: डेनिस ओराव्हेक यांची जागा. हलवू नये.

पोस्टातल्या माणसाने चिठ्ठी वाचली आणि गंभीरपणे मान डोलावली. न्हाव्याने केस कापता कापता म्हटलं, "हे बरं केलं. आता त्यांना कळेल." मलाही ते बरोबर वाटलं होतं. बारा हिवाळे काढल्यावर माझाही त्या खुर्चीवर विश्वास बसला होता. जिथे बर्फच पडत नाही तिथली माणसं खुर्चीकडे कशी बघतील, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आठवड्याने क्लेबर्न साहेबांचा फोन आला. मी तिथेच होतो.

"ह्राबचाक साहेब, आमच्याकडे एक खुर्ची आली आहे."

"पोचली? छान."

"ती कोणाला द्यायची आहे का?"

"द्यायची नाही. ठेवायची. ती डेनीची जागा."

मग तोच मऊ आवाज: "आमच्याकडे खुर्च्या आहेत, साहेब."

लुडने फोन ठेवला आणि विजयाने आमच्याकडे पाहिलं. "गडबडलेत."

त्यानंतर टीमच्या जुन्या गार्डचा गुडघा गेला. पेपरात पाच ओळी आल्या. लुडने त्यातल्या पहिल्या चार कापून फ्रिजला चिकटवल्या आणि मागणी पंचावन्नवर नेली. व्हेरा म्हणाली, "दुसऱ्याच्या गुडघ्यावर पाच हजार वाढवलेस? लाज नाही वाटत?" लुड म्हणाला, "ह्याला बाजार म्हणतात." त्या गार्डच्या जागी कोण उभं राहिलं हे पेपरात पाचव्या ओळीत होतं. ती ओळ लुडने कापली नव्हती. निवडीच्या बाराही फेऱ्यांत कोणी न घेतलेला एक पोरगा होता, नाव आर्लो स्टिगर्स. सहीचे तीन हजार घेऊन पहिल्या दिवसापासून हजर होता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात क्लेबर्न साहेबांनी शेवटचं सांगितलं. पस्तीस. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. त्यानंतर काही नाही.

त्या शुक्रवारी आम्ही चौघं टेबलाभोवती चार पिवळ्या खुर्च्यांवर बसलो. पाचवीवर फोन ठेवला होता, वायर ताणून. कराराचे कागद डेनीपुढे होते. त्याने पेन इतक्या वेळा उघडून बंद केलं होतं की त्याचं टोपण सैल झालं होतं.

पाच वाजायला वीस मिनिटं असताना फोन वाजला.

डेनीचा हात गेला. लुडने तो धरला. लुडची दोन बोटं मिळून डेनीच्या एका अंगठ्याएवढी होती, पण डेनी थांबला.

"हे अकरावं पाऊल," लुड कुजबुजला. "आता हाक मारतायत. उचलायचा नाही. आज उचलला तर चाळीसावर भागेल. सोमवारी पन्नास घेऊन येतील."

"लुड, उचल तो फोन," व्हेरा म्हणाली.

"मी ह्याचं कधी वाईट केलंय का? डेन्या, सांग. कधी केलंय?"

डेनी म्हणाला, "नाही, मामा."

फोन चौदा वेळा वाजला. व्हेरा उठून चुलीकडे तोंड करून उभी राहिली. मग तो थांबला, आणि फ्रिज सुरू झाल्याचं ऐकू आलं.

सोमवारी कोणी आलं नाही. मंगळवारी लुडने स्वतः फोन लावला. हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा केलं. क्लेबर्न साहेब मीटिंगमध्ये होते. बुधवारी मीटिंगमध्ये होते. गुरुवारी त्यांच्या ऑफिसातली बाई म्हणाली, निरोप देते. शुक्रवारी सकाळी लुडने दाढी केली, चर्चचा कोट घातला आणि बुइक बाहेर काढली. "समोरासमोर बोलू. पस्तीसला तयार आहोत म्हणून सांगू." त्याची नजर लांबच्या रस्त्याला चालत नसे, म्हणून व्हेराने मला चालवायला बसवलं. सातशे मैल. मागच्या सीटवर डेनी, मांडीवर व्हेराने दिलेली बिस्किटांची टोपली. त्याने एकही खाल्लं नाही, आणि ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

शिबिर एका लहान कॉलेजात होतं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही पोचलो तेव्हा ऊन असं होतं की डांबर बुटाला चिकटत होतं. फाटकाच्या आत मैदान दिसत होतं, शिट्ट्या ऐकू येत होत्या. फाटकाशी झाडाखाली एक म्हातारा रखवालदार हातात याद्यांचा पुठ्ठा घेऊन बसला होता.

तो पिवळ्या खुर्चीवर बसला होता.

पायाच्या तारेला पुठ्ठ्याचा तुकडा अजून लटकत होता. पावसाने त्यावरची शाई गेली होती.

"नाव?" रखवालदार म्हणाला.

"डेनिस ओराव्हेक."

त्याने यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर पाहिली. भला माणूस होता. "नाही दिसत, बाळा. दुसऱ्या कुठल्या नावाने असेल का?"

लुड खुर्चीकडे बघत होता. "ही खुर्ची आमची आहे," तो म्हणाला.

"असं का? बसायला फार छान आहे हो. पाठ धरत नाही." आणि म्हातारा झटकन उठला, खुर्ची रुमालाने पुसली आणि लुडपुढे केली. "बसा ना. लांबून आलेले दिसता."

लुड बसला नाही.

क्लेबर्न साहेब बाहेर आले. बारीक, चष्मा लावलेला, शाळेतल्या गणिताच्या मास्तरासारखा माणूस. त्यांनी तिघांशी हात मिळवला. डेनीचा हात दोन्ही हातांत धरला.

"आम्ही पस्तीसला तयार आहोत," लुड म्हणाला. आणि मग, मी हे कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं, "तीसला पण."

"सोमवारी आम्ही डेनिसवरचा हक्क सोडला, साहेब. पत्र टाकलंय, तुम्ही निघाल्यावर पोचलं असेल. ती जागा आता स्टिगर्सला दिली आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी शुक्रवारी फोन केला होता. पाच वाजायच्या आधी. चाळीस मंजूर करून घेतले होते. तुम्ही घरी नव्हता वाटतं."

मैदानावर शिट्टी वाजली. माणसांवर माणसं आदळल्याचा आवाज आला. डेनीने तिकडे पाहिलं. मामाकडे पाहिलं नाही.

"घरी नव्हतो," लुड म्हणाला.

"वाईट वाटलं मला. पोरगा चांगला आहे. आता तो मोकळा आहे, कोणत्याही टीमशी बोलू शकतो."

"कोणत्याही?"

"हो साहेब. कोणत्याही."

लुडने टोपी घातली. खुर्ची उचलली आणि वळून बुइककडे चालू लागला. हळू नाही, जोरात नाही. मी त्याच्यामागे होतो आणि नको नको म्हणताना मोजत होतो. नवव्या पावलाला त्याचा वेग कमी झाला. दहाव्याला आणखी. अकराव्याला तो जवळजवळ थांबलाच, मान थोडी तिरकी करून.

मागे क्लेबर्न साहेब रखवालदाराला विचारत होते की तुम्हाला आतून दुसरी खुर्ची पाठवू का.

बाराव्या पावलाला डेनीने पुढे होऊन मामाच्या हातातून खुर्ची घेतली. "द्या इकडे," तो म्हणाला. "पाय लागतायत तुम्हाला तिचे."

परतीच्या सातशे मैलांत लुड एकदाच बोलला. पेट्रोल भरताना तो म्हणाला, "डॉक, घंटी चौदा वेळा वाजली होती ना?" मी हो म्हणालो. "चौदा म्हणजे त्याला खरंच पाहिजे होता पोरगा," तो म्हणाला.

त्या हिवाळ्यात त्याने उरलेल्या सत्तावीस टीमांना पत्रं लिहिली. टाइप मीच केली. आकड्याची जागा प्रत्येकात मोकळी सोडली होती: तुम्ही म्हणाल ते. चार उत्तरं आली. त्यातल्या एका टीमने वसंतात चाचणीला बोलावलं. डेनी एकटा बसने गेला आणि दोन दिवसांनी एकटा आला. व्हेराने काय झालं विचारलं तेव्हा म्हणाला, "चांगली माणसं होती." डोंगरावरचं अंगणवालं घर तोवर कोणीतरी घेतलं होतं.

आर्लो स्टिगर्स त्या टीममध्ये नऊ वर्षं खेळला. रविवारी टीव्हीवर ती टीम लागली की लुड उठून तळघरात जायचा. डेनी मात्र बघायचा. "पाय बरोबर टाकतो तो," एकदा मला म्हणाला. "मला हे नीट जमलं नसतं कदाचित." तो मामाला कधी काही बोलला नाही. एकदा तरी ओरडला असता तर बरं झालं असतं, असं व्हेरा म्हणायची. लुड निदान भांडला असता, आणि भांडण म्हणजे त्याचं खाणंपिणं होतं.

दुकानदारांनी आपली रीत चालू ठेवायचा प्रयत्न केला. पण लुड आता सांगितलेला आकडा देऊन टाकायचा. न्हाव्याने एकदा मुद्दाम दुप्पट सांगितले, आणि लुडने दिले. न्हाव्याने अर्धे परत केले आणि मला म्हणाला की पुन्हा असला खेळ करणार नाही.

पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा मी खिडकीतून पाहत होतो. लुडने सकाळभर जागा उपसली, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ केल्या, आणि बुइक घेऊन गेला. खुर्ची ठेवली नाही. दुपारी परत आला तेव्हा तिथे कोणा नव्या भाडेकरूची गाडी होती. गल्लीत पाच-सहा दारं उघडली. न्हावी तर फावडं घेऊनच आला.

"राहू द्या," लुड म्हणाला, आणि तीन गल्ल्या खाली गाडी लावून चालत वर आला.

लुड त्र्याण्णवच्या मार्चमध्ये गेला. खुर्ची पुन्हा टेबलाशी आहे, सहावी. तिच्यावर कोणी बसत नाही, कारण घरात व्हेरा एकटीच आहे. डेनी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बर्फ काढायच्या गाडीवर लागला. पगार तासाला नऊ डॉलर दहा सेंट. तो छापील तक्त्यात असतो. त्यावर बोलणी होत नाहीत.